मागच्या ट्यूबलेस टायरला कडेला पंक्चर, ट्यूब टाकू की टायरच बदलू? (कासारवडवली ते महापे रोजचं येणंजाणं)

गायमुख_रायडर

मंडळी जरा घाईत विचारतोय, उद्या सकाळी परत गाडी काढायची आहे. पल्सर १५०, सिंगल डिस्कवाली, मागचा टायर १००/९०-१७ ट्यूबलेस. रोज कासारवडवलीहून महापे एमआयडीसी, म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड.

आज रबाळेच्या अलीकडे गाडी मागून झुलायला लागली, बाजूला घेऊन बघतो तर हवा जवळजवळ गेलेली आणि टायरच्या डाव्या कडेला एक काळा स्क्रू घुसलेला, ते प्लायवूडला मारतात ना तसला. अगदी मधे नाही, जिथं नक्षी संपते आणि गुळगुळीत बाजू सुरू होते तिथं. ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने स्क्रू काढला, स्ट्रिप (भोकात कोंबतात ती रबराची चिकट पट्टी) मारली, हवा भरली, थुंकी लावून बघितलं तर बुडबुडे येतच होते, मग त्याच भोकात अजून एक स्ट्रिप कोंबली. बुडबुडे थांबले. पण संध्याकाळी ऑफिसमधून निघताना पंपावर हवा चेक केली तर ३२ ची १८ झालेली. परत भरून हळूहळू घरी आलो.

आता पंक्चरवाल्याचं म्हणणं, ट्यूब टाकून घ्या, चारशेत काम होईल, टायर अजून चांगला आहे. बिल्डिंगमधले एक काका म्हणतात आतून पॅच मारतात तो मारून घे. शोरूममधे फोन केला तर ते सरळ नवीन टायर बोलले. तिघं तीन गोष्टी सांगतायत. याच टायरला आधीच्या दोन स्ट्रिप मधल्या भागात आहेत, त्यांचा काही त्रास नाही. घोडबंदरला मेट्रोच्या कामामुळे लेन सारख्या बदलतात, बाजूला डंपर असतात, मागे बायको बसलेली असते कधीकधी, म्हणून चारशे वाचवायच्या नादात उगाच जोखीम नको असं वाटतं, पण गरज नसताना दोन-अडीच हजारही नको. काय करू?

कळवा_टायरवाला

दादा, मामाच्या टायरच्या दुकानात बरीच वर्षं हाताने काम केलंय, आता नोकरी वेगळी आहे पण हे काम डोक्यातून जात नाही. स्पष्ट सांगतो, ट्यूब टाकू नका.

आधी भोक कुठे आहे ते महत्त्वाचं. टायरचा मधला जाड भाग रस्त्याला टेकतो, तिथलं रबर जाड असतं आणि फार वाकत नाही, तिथं खिळ्याचं साधं भोक असेल तर स्ट्रिप वर्षानुवर्षं टिकते, तुमच्या आधीच्या दोन टिकल्यात तशी. पण नक्षी संपते ती कड, ज्याला शोल्डर म्हणतात, आणि तिच्या खालची बाजू, हा सगळा भाग चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि परत सरळ होतो. तुमच्या साइजच्या टायरचा घेर धरा एक मीटर नव्वद सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे एका किलोमीटरला चाक पाचशेच्या वर फेरे मारतं, वीस किलोमीटर गेलात की दहा हजार वेळा ती जागा वाकली आणि सरळ झाली. त्यात कोंबलेली स्ट्रिप हळूहळू सैल होणारच. पंक्चरवाल्याने काम वाईट केलं असं नाही, ती जागाच स्ट्रिप धरणारी नाही. काकांचा आतला पॅचसुद्धा तिथं टिकत नाही, मधल्या भागात मात्र तोच सगळ्यात पक्का इलाज आहे.

आणि ट्यूबलेस टायरमधे ट्यूब का नाही ते सांगतो. एक तर ट्यूब आणि टायर आत एकमेकांवर घासतात, गरम होतात. ट्यूबवाल्या टायरची आतली बाजू त्या हिशोबाने केलेली असते, तुमच्या टायरची नाही. त्यात तुमच्या टायरला आत स्ट्रिपची शेपटं लोंबतायत, ती ट्यूबला घासत राहणार. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, ट्यूबलेसमधे खिळा घुसला की खिळाच भोक धरून ठेवतो, हवा सावकाश उतरते, तुम्हाला बाजूला घ्यायला वेळ मिळतो. आज तुम्ही रबाळेला सुखरूप बाजूला घेतली ती त्यामुळेच. ट्यूब फाटली की हवा वॉल्वच्या भोकातून भसकन जाते आणि मागचं चाक एका क्षणात बसतं. माजिवड्याच्या पुलावर मागे बाई बसलेली असताना हे नको.

आता दोन गोष्टी बघून सांगा. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात ते वाचा. आणि नक्षीच्या खाचांमधे आडव्या बारीक पट्ट्या असतात, कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (टायर किती झिजला ते दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं त्याच्या रेषेत, त्या पट्ट्यांना टायर टेकलाय का बघा.

घणसोली_भूषण

भाऊ एवढं टेन्शन नका घेऊ, टायर सीलंटचं जेल मिळतं ऑनलाइन, वॉल्वची पिन काढायची, बाटली आत रिकामी करायची, पिन लावून हवा भरायची आणि गाडी थोडी फिरवून आणायची. मी ॲक्टिव्हामधे टाकलंय, नंतर टायरमधून खिळे निघाले पण हवा गेली नाही. एकदा करून बघा, टायर वाचेल.

कळवा_टायरवाला

भूषण, तुमच्या ॲक्टिव्हाला चाललं ते खरं आहे, मधल्या भागातल्या बारीक भोकांना जेल काम करतं, ते मी नाकारत नाही. पण इथं भोक कडेला आहे, स्क्रूचं आहे, त्यात दोन स्ट्रिप कोंबून ते अजून रुंद झालंय. जेल भोकात जाऊन बसतं ते त्यातल्या तंतूंमुळे, आणि ती जागा वाकत राहिली की ते तंतू निघून येतात. दुसरं म्हणजे जेल टाकलेला टायर नंतर खोलून पॅच मारायचा म्हटलं तर आतून सगळं चिकट, आधी धुऊन पुसून कोरडा करावा लागतो, नाहीतर सोल्युशन पकडत नाही. बरेच पंक्चरवाले जेलवाला टायर हातात घ्यायला तयार नसतात, नाहीतर जास्त पैसे सांगतात. टाकायचंच असेल तर चांगल्या धड टायरमधे, आधीपासून, आणि कंपनीने सांगितलं तेवढंच. फाटक्या टायरवर उपचार म्हणून नाही.

सानपाडा_सई

मी स्कूटरवाली आहे पण पंक्चरच्या बाबतीत पामबीच आणि सायन-पनवेल दोन्हीकडचा भरपूर अनुभव आहे म्हणून लिहिते. रायडर, तुम्हाला आज भेटलेला माणूस प्रामाणिक वाटतोय, पण सगळे तसे नसतात हे इथे वाचणाऱ्या इतरांसाठी.

माझ्याबरोबर झालंय ते असं. हायवेला लागून एक टपरी, नाव-गाव काही लिहीत नाही, टायर दाखवला, तो म्हणाला एक खिळा आहे शंभर रुपये. मी फोनवर बोलत जरा बाजूला गेले आणि परत येते तर म्हणे ताई पाच पंक्चर निघाले, हे बघा बुडबुडे. खरंच पाच ठिकाणी बुडबुडे येत होते. पण खिळा एकच होता आणि बाकीच्या चार भोकांत काहीच नव्हतं, ना काच ना तार, आणि चारही भोकं एकसारखी सरळ आत गेलेली, त्याच्या हातातल्या टोच्याएवढीच. भांडण केलं पण रात्र होती, पैसे देऊन निघाले.

तेव्हापासून गाडीपासून हलत नाही. साबणाचं पाणी मारायच्या आधी टायर पूर्ण एक फेरा फिरवायला सांगते, जिथे बुडबुडा दिसेल तिथे खडूने खूण आणि मोबाईलवर फोटो, आणि त्या प्रत्येक खुणेतून निघालेला खिळा किंवा काच माझ्या हातात द्यायची. एवढं सांगितलं की समोरचा आपोआप नीट काम करतो. जमेल तेव्हा पेट्रोल पंपाला लागून असलेल्या किंवा वस्तीतल्या जुन्या दुकानात जाते, तिथे रोजचं गिऱ्हाईक असतं. आणि हवा भरायला पंपावरच जा, पंपांना हवा फुकट देणं बंधनकारक आहे, मशीन बंद आहे म्हणाले तर तक्रारवही मागा.

वाघबीळ_विनू

सईताईंच्या म्हणण्यात एक भर. ट्यूबवाल्या टायरमधे जास्त भोकं निघाली म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूकच असं नसतं. हवा गेलेली असताना गाडी चालवली की रिमची कड ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ती भोकं आतल्या बाजूला, रिमच्या लगत असतात. बाहेरच्या बाजूने टोचलेली वेगळी ओळखू येतात. म्हणून ट्यूब पाण्याच्या टबात बुडवताना समोर उभं राहून बघायचं.

आणि मागच्याच टायरला पंक्चर का होतं असं बरेच जण विचारतात. रस्त्यावर खिळा आडवा पडलेला असतो, पुढचं चाक त्यावरून जाताना तो उडवून उभा करतं आणि मागचं चाक लगेच त्यावर येतं. शिवाय वजनही मागे जास्त. पावसात तर विचारूच नका, ओलं रबर कापायला सोपं जातं, आणि घोडबंदरला कामाच्या जागेवरचं सगळं वाहून रस्त्याच्या डाव्या कडेला येऊन बसतं, तिथूनच आपण बाईकवाले चालवतो. कडेच्या त्या गाळाच्या पट्ट्यातून चालवायचं टाळा, पंक्चर बरेच कमी होतील.

गायमुख_रायडर

सगळ्यांचे आभार, एवढ्या लवकर एवढी माहिती मिळेल वाटलं नव्हतं. टॉर्च घेऊन पार्किंगमधे बसून बघितलं. चार आकडे आहेत ३५१९. आडव्या पट्ट्या मधल्या भागात जवळजवळ टेकायला आल्यात, कडेला अजून नक्षी आहे. बाजूला, जिथे कंपनीचं नाव आहे तिथे, बारीक बारीक भेगा दिसतात, नख फिरवलं तर जाणवतात. गाडी सेकंडहँड घेतलेली, टायर तेव्हापासून हाच आहे.

अजून एक, सकाळी उठून बघितलं तर हवा परत बसलेली. आज ट्रेनने जातोय, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने.

कळवा_टायरवाला

गाडी नाही काढली हे उत्तम केलंत.

३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी बनलेला टायर. पाच-सहा वर्षं झाली की रबर कडक व्हायला लागतं, नक्षी शिल्लक असली तरी ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही, बाजूच्या भेगा त्याचीच खूण. नियमाने दुचाकीच्या टायरला कमीत कमी ०.८ मिलिमीटर खोली लागते, त्या पट्ट्या साधारण त्यासाठीच असतात, पण तिथपर्यंत वाट बघायची गरज नाही, मुंबई-ठाण्याच्या पावसात त्याच्या बरंच आधी गाडी घसरायला लागते. तुमचा टायर मधून गोटा व्हायला आलाय, बाजूने तडकलाय, कडेला भोक आहे. यातलं एक असतं तर विचार केला असता. तिन्ही आहेत तेव्हा बदलून टाका, यात दुसरं मत नाही.

साइज तीच घ्या, १००/९०-१७. पुढे ५५पी लिहिलेलं असतं, त्यातलं ५५ म्हणजे एक टायर २१८ किलो वजन घेऊ शकतो आणि पी म्हणजे ताशी १५० पर्यंतचा वेग. हे आकडे आहेत त्याहून कमी नकोत. कोणी ११० किंवा १२० घ्या, गाडी भारी दिसते म्हणेल, तर ऐकू नका, तुमच्या रिमच्या रुंदीला मोठा टायर नीट बसत नाही, चिमटल्यासारखा होतो, आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेन कव्हरला घासू शकतो. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, तिन्ही या साइजमधे मिळतात आणि रोजच्या येण्याजाण्याला तिन्ही चालतात. मी स्वतः ब्रँडपेक्षा तारीख बघतो. दुकानदाराने आणून दिलेला टायर हातात घेऊन ते चार आकडे वाचायचे, सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर छान, वर्षाच्या वरचा असेल तर दुसरा मागायचा, निःसंकोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे बिल घ्या आणि त्यावर १८ च लावलाय ना तेही बघा, आणि बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, पुढे फुगवटा वगैरे आला तर वॉरंटीला तोच लागतो.

बसवताना समोर थांबा. बाजूला बाण असतो, चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं तिकडे बाण हवा, घाईत उलटा चढवलेला टायर मी कितीदा पाहिलाय. बऱ्याच टायरवर पिवळा ठिपका असतो, ती टायरची हलकी बाजू, तो ठिपका वॉल्वच्या समोर आणायचा. वॉल्व नवीन टाकायला सांगा, रबराचा असतो, किरकोळ किमतीचा, जुना वॉल्व बुडाशी चिरलेला असला की नवीन टायरमधूनही हवा जात राहते आणि माणूस टायरला दोष देतो. आणि रिमच्या आतल्या कडेला, जिथे टायर बसतो, तिथे काळपट पांढरी पापुद्र्यासारखी बुरशी जमते अलॉयवर, ती घासून साफ केल्याशिवाय टायर चढवू देऊ नका. साबणाचं पाणी लावून चढवला की हवा भरताना टक टक असे दोन आवाज येतात, तेव्हा टायर दोन्ही बाजूंनी जागेवर बसला. बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते ती सगळीकडून सारखी दिसली पाहिजे.

ऐरोली_अण्णा

टायरवाल्याने सगळं सांगितलंय, माझ्याकडून एकच. मागचं चाक काढलं की चेनचं सेटिंग हलतं. दुकानदार टायरचं काम करतो, चेन त्याचं काम नाही असं समजून नट आवळून देतो. तुम्ही दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघा, चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा आहे का बघा, मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची दांडी परत लावलीय का आणि पेडल किती खाली जातंय ते तिथेच दाबून बघा. गाडी दुकानातून बाहेर काढायच्या आधी. आमच्या शेजारच्या मुलाची ब्रेकची दांडी लावायची राहिली होती आणि त्याला ते सेक्टरच्या सिग्नलला कळलं, नशीब समोर कोणी नव्हतं.

गायमुख_रायडर

अण्णा, हे बरं झालं लिहिलंत, चेनचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. मागे ड्रमच आहे.

शनिवारी करून घेतलं. नौपाड्यातल्या एका टायरच्या दुकानात गेलो, गाडी टेम्पोत टाकून, कारण हवा दहा मिनिटं पण राहत नव्हती. टायर खोलल्यावर दुकानदाराला म्हटलं आतून दाखवा. आणि ते बघून खरंच हबकलो. स्क्रूच्या भोकाच्या आजूबाजूला आतलं रबर झिजून त्याचा काळा भुगा झालेला, हाताला कॉफी पावडर लागावी तसा, बाजूच्या आतल्या भिंतीवर सगळीकडे गोल रेघ उमटलेली आणि एका ठिकाणी आतले धागे उघडे पडलेले. दुकानदार म्हणाला हवा कमी असताना चालली की बाजू दुमडते आणि आतल्या आत रगडली जाते, बाहेरून काही कळत नाही. बाहेरून मला तो टायर अजून वर्षभर चालेल असाच दिसत होता. आणि या टायरमधे मी ट्यूब टाकून बायकोला मागे बसवणार होतो.

नवीन टायर घेतला, आकडे वाचून, दोन महिन्यांपूर्वीचा. बाण बघितला, ठिपका वॉल्वला लावून घेतला, वॉल्व नवीन. रिमला खरंच ती पांढरी बुरशी होती, पोरगं वायर ब्रशने घासत बसलेलं. टायर, वॉल्व, बसवणं सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं. ब्रेकची दांडी मी स्वतः हात लावून हलवून बघितली. हवा किती ठेवायची ते मात्र तिथं तिघांनी तीन सांगितलं.

कळवा_टायरवाला

तुम्ही आतून बघितलंत हे फार चांगलं केलं. तो भुगा दिसला की टायर संपला, मग भोक कुठेही असो. खरं तर कडेचं नाही, मधलं जरी पंक्चर असलं पण हवा गेलेल्या टायरवर किलोमीटरभर तरी चालवली असेल तर खोलून आतून बघायलाच पाहिजे, नुसती बाहेरून स्ट्रिप मारून निघायचं नाही. म्हणूनच हवा गेली की चालवत नेऊ नका हे मी सगळ्यांना सांगत असतो. उतरा, ढकला, किंवा जागेवर हवा भरा.

हवा पुढे २५, मागे एकटे असाल तर २८, मागे कोणी बसलं तर ३२. चेन कव्हरवर किंवा पुस्तकात हेच लिहिलेलं असेल, बघून घ्या. सकाळी टायर गार असताना भरायची, चालवून आल्यावर काटा दोन-तीनने जास्तच दाखवतो. नायट्रोजनच्या मागे लागू नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आठवड्याला काटा लावून बघणं जास्त उपयोगाचं. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी जास्त झुकवू नका, नवीन टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, गायमुखच्या घाटात तर मुळीच नाही.

वाघबीळ_विनू

रायडर, आता रिपेअर किट सीटखाली ठेवाच. पक्कड, रीमर म्हणजे तो कानशीसारखा गोल टोचा, डोळा असलेली सुई, चार-पाच स्ट्रिप, सोल्युशनची छोटी ट्यूब आणि ब्लेड. हवा भरायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, नाहीतर पायाचा पंप. स्ट्रिप मारणं अवघड नाही, फक्त घाईत खिळा काढू नका. आधी सगळं सामान हाताशी काढून ठेवा, खिळा कोणत्या कोनात गेलाय ते बघून घ्या, मग काढा, त्याच कोनात रीमर सोल्युशन लावून आत-बाहेर फिरवा, सुईत स्ट्रिप मधोमध ओवून सोल्युशन लावून जोर देऊन आत घाला, बाहेर बोटाच्या पेराएवढी दोन टोकं राहिली की सुई एका झटक्यात मागे ओढा. स्ट्रिप आत राहते. टोकं ब्लेडने कापा पण टायरच्या अगदी लगत नाही, थोडी ठेवा. हवा भरून पाणी मारून बघा.

हे सगळं मधल्या भागातल्या भोकासाठी. आणि पुलावर किंवा घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला वळायच्या तोंडावर बसू नका, कितीही कंटाळा आला तरी गाडी ढकलत उजेडात, आडोशाला नेऊन मगच काम करा, डंपरवाल्याला खाली बसलेला माणूस दिसत नाही.

सानपाडा_सई

इथेच विचारते, वेगळा धागा नको. बाबांची जुनी स्प्लेंडर आहे, तारांची चाकं, ट्यूबवाली. नेरुळला एकाने सांगितलं की ट्यूबलेस टायर टाकून देतो, पंक्चरची कटकट संपेल. करायचं का?

कळवा_टायरवाला

नको ताई. तारांच्या चाकात प्रत्येक तारेला रिममधे भोक असतं, हवा तिथून निघून जाणार, म्हणून आत ट्यूब लागतेच. नुसता ट्यूबलेस टायर टाकून आत परत ट्यूब घातली तर वर रायडरला सांगितलं तेच सगळं होणार. बाबांना ट्यूबचाच चांगला टायर घेऊन द्या आणि त्याच्याबरोबर ट्यूब आणि रिमची रबरी पट्टी दोन्ही नवीन टाका, पट्टी जुनी असली की तारांची टोकं ट्यूबला लागतात आणि आतूनच पंक्चर होत राहतं. ट्यूबला पॅच मारून घेताना एवढंच बघा की त्याने जागा कानशीने नीट खरवडली, सोल्युशन लावून ते सुकायला सोडलं आणि मग पॅच दाबला, ओल्यावर लावलेला पॅच उन्हात निघतो. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून कापड फिरवून घ्यायला सांगा, खिळा किंवा काच आत राहिली असेल तर कापडाला अडकते. बोट फिरवू नका, कापतं.

गायमुख_रायडर

सोमवारपासून परत गाडीनेच जातोय. रोज सकाळी काटा लावून बघतो, २८ च्या २८ आहे. एक शेवटचं, जुना टायर दुकानदाराने ठेवून घेतला, मी काही बोललो नाही. तो परत कोणाला विकत तर नाहीत ना?

कळवा_टायरवाला

कोण काय करेल सांगता येत नाही, बरेचसे भंगारात जातात पण स्ट्रिप मारून, वरून काळा रंग फासून जुना म्हणून विकलेले मी पाहिलेत. पुढच्या वेळी दुकानातच त्यांच्याकडून ब्लेड घेऊन बाजूला एक लांब काप मारायला लावा, तुमच्या डोळ्यासमोर. मग तो फक्त भंगारातच जातो. या वेळचा अजून दुकानात पडलेला असेल तर फोन करून सांगा, नौपाडा तुम्हाला काही लांब नाही.

गायमुख_रायडर

फोन केला. अजून मागे ढिगात होता. संध्याकाळी येताना थांबून समोर कापून घेतला.